सातनंतरचे काका

आमच्या गल्लीत दारुडा ओळखायला फार काही लागत नसे. तो गटाराच्या कडेला पडलेला असे, नाहीतर त्याच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येत असे. तालुक्याच्या गावातली ती गल्ली सोडून मी शिकलो, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत येऊन एम.एस. केलं, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये नोकरी लागली, तरी दारू ओळखायची माझ्याजवळ तेवढीच एक खूण होती. म्हणून काकांच्या घरी राहायला गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा वाइनचा जग मला बरेच दिवस दिसला, पण लक्षात आला नाही.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. आमच्याच समाजातले, नागपूरकडचे, माझ्या पुष्कळ आधी अमेरिकेत आलेले. ओळखीतल्या कुणीतरी त्यांचा फोन नंबर दिला होता. मी भीत भीत फोन केला, स्वतःची माहिती सांगायला लागलो, तर मध्येच म्हणाले, "हिवाळ्यात कसलं अपार्टमेंट शोधतोस? आमची वरची खोली रिकामी आहे. कार नाही ना तुझ्याकडे? मग तर प्रश्नच मिटला." मला घ्यायला आले तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर जाड कोट, कानटोपी आणि हातमोजे ठेवलेले होते. बर्फात गाडी कशी चालवायची, पगाराच्या चेकमधून काय काय कापलं जातं, साहेबाला त्याच्या पहिल्या नावाने हाक कशी मारायची, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. शिकलेलं वडीलधारं माणूस घरात कसं वागतं, कसं बोलतं, ते मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. ते ऋण मी आजही मानतो.

काका शहरातल्या एका कंपनीत पुलांची ड्रॉइंग्ज तपासत. संध्याकाळच्या ट्रेनने आणि पुढे स्टेशनवरून आपल्या गाडीने परत येत. आले की बूट काढत, हात धूत, बैठकीच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीसमोर आणि आमच्या प्रत्येक घरात असतात त्या दोन फोटोंसमोर हात जोडत. मग स्वयंपाकघरातून जग येई. काचेचा, मोठा, मानेशी बोट अडकवायला कडी असलेला. सुपरमार्केटमध्ये दुधाच्या पलीकडच्या रांगेत तसे जग ओळीने मांडलेले असत आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा ते पावाबरोबर ढकलगाडीत टाकत. त्यात लपवण्यासारखं काही असेल असं मला कसं वाटावं?

पहिला ग्लास बोलका असे. आपल्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांची नक्कल करावी ती काकांनीच. "ए मागच्या, तुझ्या बापाला सांग, पोराला डोकं आहे पण ते टोपी ठेवायला!" काकू वाढता वाढता हसत. त्यांनी ती नक्कल अनेकदा ऐकलेली असणार, तरी हसत. दुसऱ्या ग्लासात काका माझ्या ऑफिसची चौकशी करत. त्यानंतर हळूहळू बोलणं कमी होई. काका टेबलाशीच बसलेले असत, चिडचिड नाही, आवाज नाही. विचारलेल्या प्रश्नाला "हं" म्हणत. कशाला "हं" म्हटलं ते त्यांना सकाळी आठवत नसे.

हे माझ्या आधी त्यांच्या मुलीला कळलेलं होतं. ती तिथेच जन्मलेली, हायस्कूलला नुकतीच गेलेली. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. एका संध्याकाळी बँडची जादा प्रॅक्टिस ठरल्याचा फोन आला आणि तिची नेहमीची मैत्रीण आजारी होती. काकू गाडी चालवत नसत. मी अजून लायसन्सच्या परीक्षेला बसलो नव्हतो. मी तिला म्हटलं, "अगं, काका आहेत ना घरात. ते सोडतील."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, इट्स आफ्टर सेव्हन."

"मग?"

"मग काही नाही. सातनंतर बाबांना काही विचारायचं नसतं. मॉर्निंगला विचारायचं." आणि तिने दुसऱ्या एका मैत्रिणीच्या आईला फोन लावला.

तेव्हापासून मला त्या घराची चाल दिसायला लागली. सगळे निर्णय सकाळी, दात घासता घासता होत. कुणाकडे जायचं, काय दुरुस्त करायचं, मुलीला मैत्रिणीकडे राहू द्यायचं की नाही. सकाळी काका हजर असत आणि योग्य तेच बोलत. संध्याकाळी कोणी काही मागत नसे. घराने त्यांच्याभोवती अशी वाट काढून घेतली होती, जशी आपण खोलीतल्या जड कपाटाला वळसा घालून जातो.

एका शनिवारी काका केस कापायला गेले होते. काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "तू एवढा शिकलेला आहेस. सांग बरं, हे व्यसन आहे का?"

मी म्हटलं, "काकू, त्यांचा तोल गेलेला मी कधी पाहिला नाही."

"तेच तर ना! पडले असते, मारलं असतं, तर मला कुणाला सांगता तरी आलं असतं. आईला फोनवर काय सांगू? जावई जेवताना द्राक्षाचा रस घेतात?"

"डॉक्टरांना विचारलं?"

"विचारलं. तो म्हणाला, जेवणाबरोबर एक-दोन ग्लास, नो प्रॉब्लेम. एक-दोनच आहेत का ते मोजायला तो येतो का घरी?" मग पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "मला दुसरं काही नको रे. संध्याकाळी माझ्याशी बोलणारा माणूस पाहिजे. इथे माझं आहे कोण? दिवसभर मी या भिंतींशी बोलते आणि सातनंतर त्यांच्याशी. दोघांकडून सारखंच उत्तर येतं. तू बोल. तुझं ऐकतील."

माझं का ऐकावं त्यांनी? पण काकूंना नाही म्हणणं मला जमलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडीवाटेवरचा बर्फ फावड्याने काढत होतो. मी कसाबसा विषय काढला. काका हसले. "काकूंनी वकील नेमला वाटतं! फी काय ठरली? पोळ्या?"

"काका, थट्टा नाही."

"बरं, मग साक्ष घे. मी रस्त्यात पडतो का? ऑफिस बुडवतो का? कुणावर हात उगारला कधी? इथे जज घेतात, प्रोफेसर घेतात. आपल्या माणसाने घेतली की ती दारू, आणि त्यांनी घेतली की डिनर, असं का?"

ते बरोबरच बोलत होते असं मला वाटलं. तेवढ्यात ते फावड्यावर रेलून वेगळ्याच आवाजात म्हणाले, "दिवसभर तिथे शब्द तोलून बोलावं लागतं रे. ॲक्सेंट सांभाळा, जोक समजला नाही तरी हसा. घरी आल्यावर काही वेळ कुठेच नसावं असं वाटतं." मग पुन्हा बर्फ उचलत म्हणाले, "सोडा म्हणते का ती? सोडतो. त्यात काय एवढं."

मला माझे वडील आठवले. ते हातभट्टीची पीत. मी अगदी लहान असताना त्यांनी गावच्या मैदानात दीक्षा घेतली, पाच शीलं मोठ्याने म्हटली, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. आई सांगायची, त्या दिवशी घरातली बाटली त्यांनी स्वतः उकिरड्यावर नेऊन फोडली. माझी शाळा, कॉलेज, अमेरिकेचं विमान, हे सगळं त्या एका दिवसातून निघालेलं. आमच्यातल्या कितीतरी घरांची हीच कथा. त्यामुळे दारू कशी सुटते याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. फोटोसमोर, चार लोकांत, शपथ घ्यायची. ती मोडत नाही.

मी म्हटलं, "काका, मग जयंतीच्या वंदनेला सगळ्यांसमोर म्हणा."

त्यांनी फावडं बर्फात खुपसून ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे."

एप्रिलमध्ये जयंतीला आसपासच्या गावांतून आमची दहा-बारा कुटुंबं काकांकडेच जमत. प्रत्येकजण एकेक पदार्थ करून आणी. मुलं बेसमेंटमध्ये धुमाकूळ घालत आणि वर बैठकीत गालिच्यावर वंदना होई. वंदना नेहमी काकाच सांगत. पाली त्यांच्या तोंडी फार स्वच्छ होती. त्या दिवशी पाचवं, मद्य न घेण्याचं शील त्यांनी इतकं स्पष्ट म्हटलं की मागून म्हणणाऱ्यांचेही आवाज चढले. मग ते उभे राहिले आणि म्हणाले, आजपासून मी वाइन सोडली. इतकंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "सर, मग उरलेल्या जगाचा वारस कोण?" आणि हशा पिकला. काकू हशात नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला वाटलं, मी या घराचे थोडे तरी उपकार फेडले.

टेबलावरून जग गेला. काका पाणी पीत, भराभर जेवत. मास्तरांची नक्कल झाली नाही, पण नवीनच आहे, येईल, असं मी समजलो. उन्हाळ्यात मला गाडी आणि अपार्टमेंट दोन्ही मिळालं आणि मी वेगळा राहायला गेलो. दर एक-दोन आठवड्यांनी रविवारी जेवायला जायचो. काका थोडं जेवून उठत. "जरा खाली आवरायचंय," असं म्हणून बेसमेंटमध्ये जात. बुद्धपौर्णिमेची वंदना दुसऱ्याच कुणाला सांगावी लागली होती. काकांचा घसा बसला होता, असं काकूंनी सांगितलं होतं. मी ते खरं मानलं.

पानगळीच्या दिवसांत एकदा मी रविवार सोडून मधल्याच एका संध्याकाळी लवकर पोचलो. काका ऑफिसमधून यायचे होते. काकू म्हणाल्या, "तुला दाखवते काही." खिडकीतून गाडी आत वळताना दिसली. गॅरेजचं दार वर गेलं, खाली आलं. आम्ही बैठकीत उभे होतो. कोणी आलं नाही. गॅरेजमधून बेसमेंटला थेट जिना होता.

"असेच येतात आता," काकू म्हणाल्या. "या खोलीतून येत नाहीत. फोटोंसमोरून जायचं नाही म्हणून. शपथ घेतलीय ना."

"म्हणजे पुन्हा—"

"पुन्हा काय? सुटलीच कुठे होती. फक्त खाली गेली. पूर्वी निदान पहिला तास तरी माझा असायचा. तेवढ्यात ते बोलायचे, मी हसायचे. आता तो तासही खाली, घर गरम करायच्या त्या फर्नेसजवळ एकटेच बसून घालवतात." त्या रागावलेल्या नव्हत्या. मला बोल लावत नव्हत्या. त्यापेक्षा बोल लावला असता तर बरं, असं मला वाटलं.

मी खाली जाऊन बोलू का, असं विचारलं. त्या नको म्हणाल्या. "लाजतील. आणखी कुठे जाऊन पितील मग? गाडीत?"

मी ओळखीतल्या एका अमेरिकन सहकाऱ्याला, नाव न सांगता, विचारलं. तो म्हणाला, चर्चच्या तळघरात अशा लोकांच्या बैठका होतात, तिथे जाऊन सांगायचं की मी दारुडा आहे. मी काकूंना ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "एकदा सगळ्यांसमोर सांगून झालंय त्यांचं."

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मला जेवायला बोलावलं होतं. काका खालीच होते. मुलगी टेबलावर ताटं मांडत होती. काकू बेसमेंटच्या जिन्याने खाली गेल्या आणि वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जग होता. बोट कडीत अडकवून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. जड होता. त्यांनी तो काकांच्या ताटाशेजारी ठेवला, कपाटातून ग्लास काढून पुसला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "अहो, वर या. इथे बसून घ्या."

मग पायऱ्या वाजल्या. काका दारात उभे राहिले. जगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लोकांसमोर?"

"हा काय लोक आहे? बसा. पोळी गार होतेय."

"मॉम, व्हाय आर यू डूइंग धिस?" मुलगी म्हणाली. काकूंनी तिच्या ताटात भाजी वाढली. तिने ताट उचललं आणि आपल्या खोलीत निघून गेली.

काका बसले. काकूंनी स्वतः ग्लास भरला. अर्धा ग्लास झाल्यावर काका मला म्हणाले, "काय इंजिनिअर, नवीन बॉस कसा आहे?" मी सांगितलं. त्यांनी त्यावर मास्तरांचं एक वाक्य त्याच आवाजात म्हणून दाखवलं, आणि काकू हसल्या. हनुवटीखाली हात घेऊन, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत, अधाशासारख्या ऐकत होत्या. ते थोड्या वेळात थांबणार आहे हे त्यांना माहीत होतं. मलाही. मग ते थांबलं.

मी निघालो तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. मी बूट घालत होतो. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बरोबर केलं का रे मी?"

मी लेस बांधत राहिलो. आत काका कशालातरी "हं" म्हणाले, कुणी काही विचारलं नसताना.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं.

"मला तरी कुठे माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सावकाश जा. पुलावर बर्फ असेल."