सत्तरीपर्यंतची सोय

मी नोकरी सोडली त्या दिवशी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्याइतका निरोगी माणूस दुसरा नव्हता. हे मीच ठरवलेलं असल्यामुळे त्यात शंकेला जागा नव्हती.

राळेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये माझं सगळं आयुष्य स्टोअर सांभाळण्यात गेलं. मग नवा मॅनेजर आला आणि त्यानं हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं. गाठींच्या लोखंडी पट्ट्या हाताळून हाताळून माझ्या अंगठ्याच्या रेषा कधीच पुसल्या गेल्या होत्या. ते मशीन रोज सकाळी सगळ्यांच्या देखत मला ओळखायला नकार द्यायचं. काही दिवस सोसलं, मग एक दिवस राजीनामा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि निघताना असं काही बोललो की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. (मला सलाम करायला उठला की डबा खायला, हे मी विचारलं नाही.)

घरी येऊन बायकोला, म्हणजे कांताला, ही सगळी मर्दुमकी ऐकवली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अन् तो दवाखान्याचा विमा?"

तो विमा जिनिंगवाल्यांनी काढलेला होता. नोकरीबरोबर तोही गेला, हे मला त्या क्षणी कळलं! मी सत्तावन्न वर्षांचा. म्हाताऱ्यांसाठीचं सरकारी कार्ड मिळणार सत्तरीला. मधल्या काळात आजारीच पडायचं नाही, असा सोपा मार्ग मी सुचवला, पण कांताला तो पटला नाही. माझ्या मोठ्या भावाला छातीत दुखलं म्हणून नागपूरला नेलं होतं. भाऊ परत आला, रस्त्याला लागून असलेला त्याचा प्लॉट काही परत आला नाही. आमच्याकडे तर प्लॉटही नव्हता, होतं ते राहतं घर. "मी या घरातून निंगणार नाही," ती म्हणाली. "विमा काढा." मग आठ दिवस भाजीत मीठ कमी पडत राहिलं, तेव्हा मी तयार झालो.

आता विमा म्हटला की साडभाऊ आलेच. कांताच्या धाकट्या बहिणीचा नवरा देवराव विम्याचं काम करतो आणि माझ्यावर त्याची फार जुनी नजर होती. तो दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन हजर झाला. चहा होईपर्यंत त्यानं दोन पॉलिस्या समोर मांडल्या. एक स्वस्त, पण तिच्यात अंगात आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च पहिली तीन वर्षं मिळत नाही. दुसरी महाग, पण शुगर-बीपीवाल्यांनाही महिन्याभरात आधार देणारी. मला हसूच फुटलं. इतकी वर्षं विमा होता, एकदाही वापरला नाही, दवाखान्याची पायरी चढलो नाही, आणि हा मला रोग्यांची पॉलिसी दाखवतो! ती बाजूला सारून मी स्वस्तवाली उचलली. देवराव म्हणाला की भाऊजी, एकदा रक्त तपासून घ्या, मग निवडा. मी त्याला म्हटलं, "देवरावजी, माह्यं रक्त पाहाले मशीन नाई लागत. तोंड पाहा."

त्यानं तोंड पाहिलं आणि आम्हा दोघांचा फॉर्म भरला.

चार दिवसांनी विमा कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज मोठा गोड, बोलणं पुण्याकडचं. तब्येतीचे काही प्रश्न विचारायचे आहेत, खरं तेच सांगा, म्हणाल्या. मी छाती पुढे काढून (फोनवर दिसत नाही, तरी) एकेक उत्तर दिलं. शुगर? नाही. बीपी? नाही. कधी तपासलंय? गरजच काय! तंबाखू? नाही, फक्त खर्रा. त्यात तंबाखू असतो ना, असं बाईंनी हळूच विचारलं. असतो, पण सुपारीच्या मानानं थोडा, असं मी समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला.

मग फोन कांताकडे गेला. इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या भागात कोणी तब्येत विचारली आणि तुम्ही 'एकदम मस्त' म्हणालात, तर समोरचा नाराज होतो. त्यानं आपुलकीनं विचारलं, तर आपणही चार दुखणी काढून द्यावी, मग तो त्याची काढतो, आणि दोघं समाधानानं आपापल्या कामाला लागतात. यात कांताचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नाही. शेजारच्या रझियाभाभी आणि ती रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहून एकमेकींना गुडघे, कंबर, डोकं असं सगळं सांगतात आणि मग दोघी डोक्यावर गव्हाचं पोतं घेऊन चक्कीवर चालत जातात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताई, तब्येत कशी आहे?"

झालं! कांतानं बैठक मारली. "कायची तब्येत बापा. कंबर तं गेलीच समजा. पायऱ्या चढली का छातीत धडधड होते. डोयासमोर अंधारी येते." बाईंनी काळजीनं "कधीपासून?" विचारलं, तशी ती आणखी खुलली. मुंग्या, चक्कर, खांदा, पोटात गोळा. मी समोरून दोन्ही हात हलवत होतो, तर तिनं मला पंखा लावायची खूण केली. शेवटी मी फोनवर हात ठेवून विचारलं की अवं, हे तुले कधी झालं? ती कुजबुजली, "थे बाई इतक्या मायेनं विचारून राह्यली, तिले काय मी चांगली आहो म्हणून तोडून टाकू?"

आठवड्यानं कंपनीचा निरोप आला. बाईसाहेबांची प्रकृती गंभीर दिसते, तेव्हा दोघांच्याही पूर्ण तपासण्या झाल्याशिवाय पॉलिसी मिळणार नाही. देवरावनं कपाळाला हात लावला. मी मात्र निश्चिंत होतो. यवतमाळला जाताना एसटीत अख्खा रस्ताभर मी कांताला धीर दिला. घाबरू नको, म्हटलं, तुझं काही निघालं तर मी आहे. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यालाही मी माझ्या प्रकृतीचं रहस्य सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

तपासणी केंद्रात रक्त घेतलं, छातीला वायरी लावल्या आणि चालत्या पट्ट्यावर चढवलं. आधी कांता. ती साडीचा पदर खोचून चढली आणि मशीनवाल्या पोरीशी गप्पा मारत चालत राहिली. पोरगी वेग वाढवत गेली, कांता आपली पोरीच्या माहेरची चौकशी करत गेली. शेवटी पोरीनंच मशीन थांबवलं. मग मी चढलो, हसत हसत. दुसऱ्या वेगालाच मला घाम फुटला, तिसऱ्याला मी समोरचा दांडा धरला, आणि मग तिघांनी मिळून मला खाली उतरवून पंख्याखाली बसवलं. चप्पल घसरत होती, असं मी त्यांना सांगितलं. मी अनवाणी होतो.

संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. कांताला म्हणाले की ताई, तुम्हाला काहीही झालेलं नाही, सगळं उत्तम आहे. कांताचा चेहरा पडला. "कायच नाई?" ती म्हणाली. "निदान कंबर तरी पाहा नं नीट." मग डॉक्टर माझ्याकडे वळले. शुगर जबर वाढलेली, बीपी वर, कोलेस्टेरॉल त्याच्याही वर. मी शांतपणे सांगितलं की रिपोर्टांची अदलाबदल झाली आहे. त्यांनी माझ्या समाधानासाठी बोटातून रक्त काढून पुन्हा शुगर पाहिली. ती आणखी वाढलेली निघाली.

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. खरं सांगतो, भीती वाटत होती. सारखा भावाचा तो प्लॉट डोळ्यांपुढे यायचा. रागाच्या भरात राजीनामा फेकताना मी आमचं घरही मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आलो होतो, आणि माझ्या ते ध्यानातही नव्हतं. हे मी कांताला सांगून टाकलं. ती म्हणाली, "घराचं जाऊ द्या. तुमाले काही झालं तं मी घराले काय चाटू?" तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि माझ्या खिशातली खर्ऱ्याची पुडी खिडकीबाहेर फेकली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी देवरावच्या घरी गेलो आणि त्याला म्हटलं की ती दुसरी, बाजूला सारलेली पॉलिसी आणा. तो हसला नाही. (त्याची बायको आत जाऊन हसली.) तो म्हणाला की भाऊजी, ते रिपोर्ट घेऊन तुम्ही पुढे झालात तर अवघड आहे. ताई अर्ज करतील, पॉलिसी त्यांच्या नावावर निघेल, आणि तुम्हाला आपण त्यांचा नवरा म्हणून मागच्या दारानं आत घेऊ. सगळं खरं लिहू, खर्ऱ्यासकट. हप्ता जास्त बसेल, पण घर शाबूत राहील. मी हो म्हटलं. आयुष्यात इतक्या झटपट मी देवरावला कधी हो म्हटलं नव्हतं.

महिनाभरानं कांताची पॉलिसी आली. तिच्यात माझं नाव खाली होतं, 'अवलंबित' या शब्दापुढे. त्या दिवसापासून मी तिनं दिलेलं कारलं खातो, तिनं सांगितलं तितकं चालतो आणि मस्त जगतो.

परवा वर्ष पूर्ण होत आलं. दुपारी आम्ही जेवत असताना कंपनीतून एका मुलीचा फोन आला. मी ऐटीत विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली की सर, तुम्ही अवलंबित आहात, जरा मॅडमना द्या. मी दिला. कांतानं फोन स्पीकरवर टाकला. मुलगी म्हणाली, "मॅडम, पॉलिसीचं नूतनीकरण आहे. तुमच्या मिस्टरांमुळे हप्ता बराच वाढतोय. त्यांना पुढच्या वर्षी ठेवायचं, की काढायचं?"

कांतानं माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाली, "थांबा जरासं. इचार करून सांगतो."

मी निमूटपणे उठलो आणि दोघांचीही ताटं घासायला घेतली.