रिकामी गिरणी

पासष्टच्या लढाईत कर्जतच्या भातगिरणीवर रोज वाद चाले, कोण जिंकतंय नि कोण हरतंय. पेपरातले मृतांचे आकडे मीच मोठ्याने वाचून दाखवी. गिरणीवाला तळहातावरचा तांदूळ फुंकत म्हणे, "तुमी लढा, दादा. मला भरडायचं हाय."

एकदा आमची वहिनी भात घेऊन आली. माझा भाऊ सीमेवर होता आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. मी दाराकडे पाठ करून आकडे वाचतच होतो. तोच गिरणीवाल्याने रिकामी गिरणी चालू केली.

"अहो, डिझेल फुकट जातंय!" मी त्या खडखडाटात ओरडलो, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना.

त्याने नुसती दाराकडे मानेने खूण केली. मी वळून पाहिलं आणि पेपर मिटला.

पुढे भाऊ सुखरूप परतला. मी गिरणीवाल्याचे आभार मानायला गेलो, तर त्याने पुन्हा रिकामी गिरणी चालू केली.