मी धुतलेला चेंडू

मृणाल, इकडे ये बाई, खुर्ची पुढे ओढ आणि हे नीट वाच. गुडगावहून इथे दिल्लीतल्या द्वारकेला यायला तुला मुहूर्त लागतो, ते मी समजू शकते. पण तुझा नवरा गोल्फ शिकायला लागला ही बातमी मला तुझ्या आईकडून, म्हणजे पुण्यावरून वळसा घालून कळावी? वर ती सांगते की येत्या रविवारी तू त्याच्याबरोबर ‘नुसती बघायला’ जाणार आहेस. अगं, मीही नुसती बघायलाच गेले होते. तुझ्या काकांचा कप गेला. चेंडू धुतल्यामुळे गेला, आणि चेंडू मी धुतला.

आता पहिल्यापासून सांगते.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला जातात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. तुझ्या काकांनी गोल्फ धरला. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत त्यांनी गवत पुष्कळ उपटलं, कप एकही आणला नाही. (एकदा छत्री मिळाली होती. ती सगळ्यांनाच मिळाली होती.) मी काही बोलत नसे. पण दर वेळी घरी आल्यावर बूट काढता काढता ‘आज थोडक्यात गेलं’ म्हणायचे ना, ते ऐकून मलाच वाईट वाटायचं. थोडक्यात म्हणजे जिंकणाऱ्यापेक्षा अकरा फटके जास्त.

मग गेल्या वर्षी ज्येष्ठांचा पावसाळी कप आला. सामन्याच्या आधी तीन दिवस असा पाऊस झाला की आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर स्कूटर तरंगायची बाकी होती. ह्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि सकाळच्या खाण्याच्या वेळी पोथी वाचावी तसं मला वाचून दाखवायला लागले. मी घेवडा मोडत होते.

“ओल्या मैदानात महत्त्वाचं काय? चेंडू वरून येतो आणि रुततो.” (तू दिल्लीत वाढलीस म्हणून सांगते, रुततो म्हणजे चिखलात गच्च बसतो. क्लबातली मंडळी ‘प्लग झाला’ म्हणतात.)

“मग?”

“मग दंड नाही. हे बघ.” असं म्हणून ह्यांनी माझ्या बशीतल्या शिऱ्यात एक काजू अंगठ्याने दाबला. “हा शिरा म्हणजे मैदान, हा काजू म्हणजे चेंडू. चेंडू काढायचा, स्वच्छ करायचा, आणि त्या खळग्याच्या जवळच सोडायचा. बिल्कुल फुकट.”

“आणि काजू सापडलाच नाही तर?”

“तीन मिनिटं शोधायचा. नाही सापडला तर तो हरवला. एक फटका दंड आणि पुन्हा मागे जाऊन मारायचं.”

“तीन मिनिटांत तर माझा चष्मासुद्धा सापडत नाही,” मी म्हटलं. पण बाकीचं डोक्यात पक्कं बसलं. काढायचा, स्वच्छ करायचा, फुकट. पुस्तकात त्याच्या पुढेमागे आणखी काय होतं कुणास ठाऊक, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

सामन्याच्या दिवशी ह्यांची बॅग ओढणारा माणूस आलाच नाही, त्याच्याकडचा पुलाखालचा रस्ता पाण्यात गेला होता. ह्यांचा खांदा तर तुला माहीत आहे, पाण्याची बाटली उचलली तरी कुरकुरतो.

“तू फक्त चल,” हे म्हणाले. “बॅगेची गाडी चाकांची आहे, आपोआप येते.”

आपोआप! चिखलात ती चाकांची गाडी म्हणजे हट्टाला पेटलेली म्हैस. मी पुढून ओढली, मागून ढकलली, एकदा तर तिच्याशी दोन शब्द बोलले. एका हातात छत्री. चप्पल दोनदा जमिनीने गिळली. पण मृणाल, खरं सांगते, मजा येत होती. मी काठ्याही सुचवायला लागले. “अहो, ती सात नंबरची घ्या, मघाशी तिनं बरं गेलं होतं.” हे घ्यायचे आणि बरं जायचं!

त्या दिवशी दैव ह्यांच्या बाजूने होतं. बारा जणांतले पाच आलेच नाहीत, दोघे शिंका देत परत गेले, एकांची कंबर धरली. उरलेल्या चौघांत दोघे मागे पडले आणि ह्यांची व बत्रासाहेबांची गाठ पडली. बत्रासाहेब बँकेतून निवृत्त झालेले, तोंडाने गोड, मनानेही गोड. शेवटच्या खड्ड्याची, म्हणजे ‘होल’ची, पाळी आली तेव्हा दोघांचे फटके सारखे. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अगं, आज होईल.” आवाज कापत होता. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांसमोरही कापला नव्हता.

आणि ह्यांनी मारला. चेंडू असा उंच गेला, असा उंच गेला, आणि खाली आला तो पच्च आवाज करून दिसेनासाच झाला.

सगळे धावले. क्लबाच्या कमिटीचे माथुरसाहेब बसायच्या गाडीतून तेवढ्यात आले. नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “तीन मिनट, सबनीसजी.”

हे एकीकडे, बत्रासाहेब दुसरीकडे, दोघं वाकून वाकून गवत चाळतायत. मी बॅग सोडून बाजूला झाले आणि माझ्या पायाशीच बघते तर खेकड्याच्या बिळासारखं एक भोक, आत काहीतरी पांढरं. वाकून बघितलं. त्यावर ह्यांनी निळ्या पेनाने काढलेला ‘स’. मला जो आनंद झाला म्हणून सांगू!

आता शहाणी बाई काय करेल? हाक मारेल. मी काय केलं? मला पाठ झालेला नियम आठवला. काढायचा, स्वच्छ करायचा.

छत्रीच्या टोकाने उकरला. हा एवढा चिखल. बाटलीतलं पाणी ओतलं, अंगठ्याने घासला, खाचांत अडकलेलं केसातल्या पिनेने काढलं, पदराने पुसला. कढई घासल्यावर जशी उजेडात धरून बघते तसा धरून बघितला. चकचकीत. मग खाली लक्ष गेलं. ते भोक तसंच. कुणाचा पाय मुरगळला तर? म्हणून माती लोटली, वरून चपलेने थापटली, चार गवताच्या काड्याही लावल्या. इतकं सफाईदार काम मी घरच्या कुंडीतही कधी केलं नव्हतं.

आणि मग हाक मारली. “अहो, सापडला हो!”

हे धावत आले. चेहरा बघायला हवा होतास. “सापडला? कुठे?”

“हा काय.” मी तळहात पुढे केला.

ह्यांनी चेंडू बघितला, मला बघितलं, जमीन बघितली. “होता कुठे?”

“इथे.”

“इथे म्हणजे कुठे?”

मी खाली बघितलं. चारी बाजूंना सारखीच माती. “या इथे. नाहीतर तिथे. जरा डावीकडे धरा.”

“खळगा कुठे आहे, खळगा?”

“बुजवला.”

“का?”

“अहो, कुणी पडलं असतं.”

हे चिखलात बसायच्या बेतात होते. बत्रासाहेबांनी ह्यांचा हात धरला आणि मोठ्या मनाने म्हणाले, “अरे यार माथुर, जाने दो. भाभीजी तो देखने आई हैं.”

इथे तुला नियम सांगते, जो मला नंतर कळला. बघायला आलेल्या माणसाने चेंडू उचलला तर खेळाडूची चूक नाही. अंदाजाने जागा ठरवायची, पुढे खेळायचं, दंड शून्य. पण खेळाडूची बॅग जो वाहतो तो त्याचाच माणूस. त्याने न विचारता चेंडू उचलला की खेळाडूला एक फटका दंड. म्हणजे ह्यांचा कप आता माझ्या जिभेवर होता, आणि हे मला सोडून तिथे सगळ्यांना माहीत होतं.

माथुरसाहेब मला अगदी अदबीने म्हणाले, “भाभीजी, आप सिर्फ देखने आई थीं ना?”

हे माझ्याकडे बघून मान हलवत होते. भुवया वर, भुवया खाली. बत्रासाहेबसुद्धा, ह्यांना दंड झाला तर ज्यांना कप मिळणार होता ते, मागून ‘हां बोलो’ अशी खूण करत होते. एक ‘हां’ म्हणायचं होतं गं. फक्त एक.

पण ‘सिर्फ’ हा शब्द मला झोंबला. सकाळपासून चिखल मी तुडवला, खांदे माझे दुखतायत, आणि सिर्फ देखने?

“क्या बात करते हो भाईसाहब,” मी म्हटलं. “सुबह से ये गाड़ी मैं ओढ़ रही हूं. छत्री मैंने पकड़ी. सात नंबर की काठी भी मैंने ही बताई. इनको पूछो!”

ह्यांनी डोळे मिटले. बत्रासाहेब आभाळाकडे बघायला लागले. माथुरसाहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पान उघडलं, वाचलं, आणि फार वाईट वाटत असल्यासारखा एक फटका लिहिला.

शेवटच्या खड्ड्यात बत्रासाहेबांना पाच लागले. ह्यांनाही पाचच. आणि वर एक माझा.

घरी आलो. मी म्हटलं, “चहा टाकू?” ह्यांनी बूट काढले. ‘थोडक्यात गेलं’ म्हणाले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच खरंच थोडक्यात गेलं होतं, आणि तेव्हा म्हणाले नाहीत. चहा अर्धा संपल्यावर कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बॅगेचं ठीक आहे. सात नंबरचं सांगायची काय गरज होती?” आणि मग हसायला लागले. एवढे हसले की ठसका लागला, मला पाठ थोपटावी लागली.

आठवड्याने बत्रासाहेबांनी एक फोटो पाठवला. क्लबाच्या सूचनाफलकावर इंग्रजीत नवा कागद लागलेला: ‘खेळाडूंच्या कुटुंबीयांना विनंती, मैदानात सापडलेले चेंडू धुऊ नयेत व खळगे बुजवू नयेत.’ नाव कुणाचंही नाही. पण बाई, त्या फलकावर झळकायला हे आठ वर्षं धडपडतायत आणि मी एका सकाळीत जाऊन बसले.

तेव्हा रविवारी जाणार असलीस तर खुशाल जा, पण कुणी विचारलं तर ‘हां’ म्हण आणि गप्प राहा. आणि त्याआधी, शनिवारी, दोघं इकडे या. आता सबब नको, मेट्रो दारापर्यंत येते. जावईबापूंचे बूट चिखलाचे असले तर सरळ आत येऊ देत. मी हात लावणार नाही. हल्ली मी आधी विचारते.