पंधरा हजार तासांचा बल्ब

लिहिण्याइतका मी कोणी मोठा नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे खोक्यावरचं इंग्रजी वाचणं हे माझं काम ठरलेलं आहे, ते मला येवो न येवो.

कुरखेड्याहून आणलेल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘आयुष्य पंधरा हजार तास’. मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी साऱ्या मोहल्ल्याला सांगितलं. माझ्या शब्दावर अकरा घरांत तोच बल्ब लागला. चार महिन्यांत एकेक करत सगळे गेले.

दुकानदार बल्ब देताना त्याच्या पांढऱ्या बुडावर पेनाने तारीख टाकतो, तीच गॅरंटी. पण बुद्धजयंतीच्या सफाईत आईने आमचा बल्ब ओल्या फडक्याने लख्ख पुसला होता. सफाई सगळ्याच घरी झाली होती. तरी मी पिशवीभर बल्ब घेऊन दुकानात गेलो.

“तारीख कुठी हाय गा?”

“आईनं पुसली.”

“मंग गॅरंटी आईलेच माग ना!”

दुकानात बसलेले हसले. मीही थोडा हसलो.

गावात परतलो तर शेजारची मावशी दारातच उभी. “काऊन बाबू, भेटले का बल्ब?”

“नाई मावशी.”

“पंधरा हजार तास म्हनत होता तू. तुह्या कॉलेजातला तास लहान रायते का गा?”

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा कागद आला, तो बाबांनी माझ्याकडे दिला नाही. अंगणवाडीच्या बाईंकडून वाचून आणला.

तेव्हा मी कंपनीला मेल लिहिला. कोणाचा बल्ब कधी लागला, कधी गेला, सगळं लिहिलं. आमच्याकडे वीज इतक्यांदा जाते की बल्बला आरामच जास्त, हेही लिहिलं. एवढ्या आरामात माणूस शंभरी गाठेल. काही लपवायचं नाही म्हणून हेसुद्धा लिहिलं, की धानाची गिरणी सुरू असताना उजेड मंदावतो आणि ती बंद झाली की एकदम भडकतो.

दीड महिना उत्तर नाही. बाबा विचारत नसत, पण माझा मोबाईल वाजला की त्यांची मान वळायची.

परवा उत्तर आलं. बाबा अंगणात होते, मावशी होती, आणखी दोन-तीन घरची माणसं होती. मी मराठी करून वाचलं: “आमच्या बल्बमध्ये दोष नाही. पंधरा हजार तास योग्य दाबाच्या विजेवर मोजलेले आहेत. तुमच्या गावची वीज तशी नाही, हे आपण स्वतःच कळवले आहे. त्यामुळे गॅरंटी लागू होत नाही. वीज सुधारल्यावर आमचाच बल्ब वापरावा, ही विनंती.”