मुकादमाची गोळी

मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या खात्यावर तो मुकादम होता. माणूस हाडाचा कडक. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येत आणि वाफेच्या यंत्रांखाली दाबून, घड्या होऊन परत जात. उभ्या नोकरीत आपण एकही खाडा केला नाही, हे तो कुणालाही नाव सांगायच्या आधी सांगे. त्याच्या काटेकोरपणावरून पाठीमागे लोक त्याला काटेसाहेब म्हणत. ते कानावर आलं तेव्हा गड्याची छाती उलट फुगलीच.

खात्यात त्याचा एक नियम होता. सुरकुती पडलेली चादर मोजायची नाही, पुन्हा दाबायची. एकदा यंत्रावरची एक बाई रजा मागायला आली. उलट्यांनी तिचा जीव अर्धा झाला होता, भिंतीला धरून उभी होती बिचारी. हा म्हणाला, "पोट बिघडलंय ना? हात तर बिघडले नाहीत?" दुपारी ती यंत्रापाशीच कोसळली. तिला बाकड्यावर आडवी करून याने तिच्या जागी दुसरीला उभी केली. घरी जेवताना ही गंमत बायकोला तिखटमीठ लावून सांगितली. आणि खोटं कशाला बोला, तीही पोट धरून हसली.

पुढे तपासणीत त्याच्याच किडन्या थकलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची एक गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "ही तुमची किडनीही जपेल. रोज सकाळी घ्यायची, मनाने बंद करायची नाही. पण उलट्या-जुलाब लागले, अंगातलं पाणी कमी झालं, तर मात्र गोळी थांबवायची आणि लगेच मला फोन करायचा. अशा वेळी हीच गोळी किडनीला भारी पडते. बरं वाटल्यावर मला विचारून पुन्हा सुरू करायची."

बायकोने सगळं नीट ऐकलं. याने 'बंद करायची नाही' तेवढंच उचललं. बाकीचं रडतराऊंसाठी असतं, असं परस्पर ठरवून मोकळा झाला.

उन्हाळ्यात लाँड्रीतलं पिण्याचं पाणी खराब झालं आणि अख्ख्या खात्याची पोटं बिघडली. तोही सुटला नाही. सकाळी गोळी घेतली, ती पाण्यासकट बेसिनमध्ये उलटून पडली. त्याने तिच्याकडे सुरकुतलेल्या चादरीकडे बघावं तसं बघितलं. पडली ती मोजायची नाही. त्याने दुसरी काढली.

"अहो, बाईंनी काय सांगितलं होतं? थांबवा ती गोळी. मी फोन लावते."

"फोनला हात लावून तर बघ! तुझं ऐकलं असतं तर मीही घरी लोळत पडलो असतो."

"मग मरा," म्हणत तिने फोन आपटला आणि ती रागाने आत गेली. फोन तिने लावायला हवा होता. पण इतकी वर्षं त्याच्या शब्दाबाहेर न जायची सवय लागलेली, त्यामुळे तिचा हात मागेच आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. ओठ सुकून सालं निघाली, लघवी जवळजवळ बंद झाली, तरी गोळी घेऊन स्वारी कामावर हजर. दुपारी तो यंत्रांच्या मधोमध खाली बसला तो उठलाच नाही. कुणी धावलं नाही. त्याच बाईने बाकडं पुढे ओढलं, दोघींनी त्याला वर घातलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत चादरी चालू राहिल्या. शिस्त त्याचीच होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उलट्या होत असताना गोळी घेत होतात?"

"एकदाही चुकवली नाही," तो म्हणाला. त्या अवस्थेतही आवाजात ऐट होती.

आधीच थकलेल्या किडन्या पुन्हा सावरल्या नाहीत. आता दिवसाआड डायलिसिस. हाताला जाड सुया टोचून रक्त यंत्रातून फिरवून आणायचं. घरी आला की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

परवा सकाळी डायलिसिसला निघायच्या वेळी त्याला मळमळत होतं. बायको बूट घेऊन आली तसा तो हळूच म्हणाला, "आज राहू दे ना. पोट ठीक नाही. एक खाडा झाला तर काय होतंय?"

आयुष्यात पहिल्यांदा तो रजा मागत होता. तिने त्याचा पाय उचलून बुटात कोंबला.

"पोट बिघडलंय ना? हात तर बिघडले नाहीत? सुई हातालाच टोचायचीय. उठा."