राजूरचा घाट आणि नवे ब्रेक

माझ्या लेकीनं गाडी घेतली तेव्हा मला आधी बरंच वाटलं. ती मलकापूरच्या कॉलेजात शिकवते, घर आमचं बुलढाण्यात, आणि मधे राजूरचा घाट. रोज सकाळी उतरायचा, रोज संध्याकाळी चढायचा. एसटीसाठी स्टँडवर ताटकळणं तरी सुटलं पोरीचं, असं मी म्हणत होते. मग गाडी दारात येऊन उभी राहिली आणि मी बोलायचीच थांबले.

दोन सीटा. मागं काही नाही. जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं, आणि उठायचं म्हणजे कोणीतरी हात द्यायला पाहिजे. संभाजीनगरच्या कुणा हौशी माणसाकडून तिनं ती जुनी घेतलेली, रंग पिवळा हळदीसारखा. स्पोर्ट्स कार आहे म्हणाली. आमच्या आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या.

"हिच्यात गव्हाचं पोतं कुठं ठेवशीन वं?"

"आत्या, पोत्यासाठी नाही घेतली ही."

"मंग कायसाठी घेतली?"

लेकीनं ओढणीच्या टोकानं बॉनेट पुसलं. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही तिघीच. आक्का अमडापूरला दिलेल्या, शेतीच्या घरी, पण बऱ्याच वर्षांपासून आमच्यापाशीच. लेक लहान असताना मी शाळेत पोषण आहार शिजवायला जायची, तेव्हा हिला आक्कांनीच सांभाळलं. त्यामुळे पोरगी जेवढी माझी तेवढीच त्यांची, थोडी जास्तच म्हणा.

दिवाळी झाल्यावर एकदा जेवताना लेक म्हणाली, "आई, गाडीचे ब्रेक बदलून घेते."

मी म्हटलं, "काऊन? चालू आहेत ना?"

"चालू आहेत, पण लहान आहेत. इंजिन जोरात पळते. घाट उतरताना ब्रेक तापतात आणि अर्ध्या घाटात पाय खाली खाली जाते."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "मंग इतके दिवस तू उतरत कशी होती?"

"हळू," ती म्हणाली आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

त्या एका शब्दानं माझी झोप गेली, खरं सांगते. दिवाळीच्या आधीपासून ही पोरगी रोज सकाळी पाय खाली जाणारे ब्रेक घेऊन घाट उतरत होती आणि मी इकडं तिच्या डब्याला भाजी कोणती द्यायची याची काळजी करत बसले होते. मग एक भीती सुरू झाली की बदलले नाहीत तर काय. आणि दुसरी अशी की जे थोडंफार लागतं आहे तेही काढून टाकलं आणि नवं नीट बसलं नाही तर काय. दोन्हीकडून मला घाटच दिसायचा.

गावातच मलकापूर रोडला तिच्या ओळखीचं गॅरेज आहे. मिस्त्री चाळिशीचा, बोलका. गाडी सोडायला ती निघाली तेव्हा मीही तिच्यासोबत गेले. मिस्त्रीनं पुढची दोन्ही चाकं काढली, गाडी ठोकळ्यांवर उभी केली, आणि त्या बिचारीचे पाय तोडल्यासारखं मला वाटलं. जुनी डिस्क त्यानं माझ्या पुढ्यात ठेवली. डिस्क म्हणजे चाकाच्या आत फिरणारी लोखंडी थाळी, ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटतात, एवढं मला तिनं समजावलेलं. जुनी होती कुकरच्या झाकणाएवढी. नवी चांगली पोळपाटाएवढी, जाड, आणि तिला भोकं पाडलेली.

"भोकं काऊन पाडले? फुटणार नाही का?"

"गरमी निघाले पाहिजे ना काकू," मिस्त्री म्हणाला.

"अन् मागचे?"

"मागचे ठीक आहेत. गाडी पुढूनच थांबते."

मी मान हलवली, पण पटलं नव्हतं. पाइपही नवे घातले. जुने रबरी होते, फुगत होते म्हणे. पाइप काढला तसं ब्रेकचं तेल टपटप खाली पडलं आणि मी पदर सावरून मागं सरकले.

सगळं बसवून झाल्यावर पाइपातली हवा काढायची होती. त्यासाठी एकानं आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करायचा. त्याचा कारागीर लग्नाला गेलेला. लेक चाकापाशी बाटली धरून बसलेली.

"काकू, तुम्हीच बसा आता."

"मी?"

"दाबा म्हटलं का दाबायचं, सोडा म्हटलं का सोडायचं. सासूबाईचे पाय दाबले असतीन ना?"

"सासूबाईचे पाय असे पोकळ नव्हते," मी म्हटलं. कारण मी पाय ठेवला आणि तो सरळ खाली गेला. खाली म्हणजे पार बुडापर्यंत, चिखलात रुतावा तसा, काही अडवणूक नाही. गाडी ठोकळ्यांवर होती, कुठं जाणार नव्हती, तरी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. अर्ध्या घाटात तिच्या पायाखाली असंच होत असेल. ती कशी बसत असेल, काय करत असेल, हेच डोक्यात. "दाबा, धरा, सोडा," मिस्त्री म्हणत राहिला, मी करत राहिले, आणि हळूहळू पायाखाली काहीतरी घट्ट यायला लागलं. शेवटी तर दगडावर पाय ठेवावा तसं झालं.

त्याच संध्याकाळी सपाट रस्त्यावर लेकीनं मला शेजारी बसवून गाडी पळवली आणि थांबवली, पळवली आणि थांबवली. नवे पॅड डिस्कवर असे घासून घासून बसवावे लागतात म्हणे. काय थांबत होती गाडी. पट्टा नसता तर माझं कपाळ काचेला लागलं असतं. सरळ, एका रेषेत. त्या रात्री मी जरा झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी कॉलेजला नेण्याआधी ती गाडी एकदा घाटात नेऊन पाहणार होती.

"मीही येते," मी म्हटलं.

"तू काऊन?"

"अशीच."

अशीच नव्हतं ते. घरी बसले असते तर घाटाचं एकेक वळण मला ओट्यावर बसून उतरावं लागलं असतं. त्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं.

मी साडी बदलत होते तेवढ्यात आक्कांनी ताट केलं. नवी वस्तू आली, नवं लोखंड आलं, म्हणजे आक्का पूजेशिवाय ते वापरू देत नाहीत. गाडी रात्री कंपाउंडच्या भिंतीला लावून ठेवलेली, तिची डावी बाजू भिंतीला चिकटलेली. मी बाहेर आले तेव्हा आक्का उजव्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसून उठतच होत्या. बॉनेटवर हळदी-कुंकू, चाकाखाली लिंबू, हातातल्या वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. "जाजो माय हळू," त्यांनी लेकीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि आम्ही निघालो.

गावात रस्ता मोकळा होता. चौकात एक कुत्रं आडवं आलं म्हणून लेकीनं ब्रेक लावला, आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"डावीकडं ओढली का थोडी?"

"मले काय विचारतेस?"

"रस्ताच कलता असन," ती म्हणाली.

घाट लागला. पहिलं वळण सोपं आहे, तिथं काही जाणवलं नाही. पुढं उतार वाढतो. एक ट्रक वर येत होता, रस्त्याच्या मधूनच चालत होता, म्हणून तिनं जरा जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडं झेपावली. तिथं डावीकडं दरी. मधे कमरेएवढी दगडी भिंत, आणि तिच्यापलीकडं मला झाडांचे शेंडे दिसले. झाडं नाही, शेंडे. मी दोन्ही हातांनी सीट धरली. लेकीनं ब्रेक सोडला, स्टिअरिंग उजवीकडं ओढून धरलं, ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. मग तिनं गिअर खाली टाकला, अजून एक खाली, इंजिन आरडायला लागलं. पायानं ती ब्रेकला नुसती शिवत होती, शिवलं की गाडी पुन्हा दरीकडं तोंड फिरवायची. डाव्या हातानं तिनं हँडब्रेक थोडा थोडा ओढत आणला. वळणाच्या पुढं रस्ता रुंद होतो, तिथं खडीचा ढीग टाकलेला होता. त्या ढिगात डावं चाक घुसवून तिनं गाडी थांबवली.

गाडी थांबली तरी तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग तसंच आवळून धरलेलं. दहावीच्या निकालाला, बापाच्या अंत्ययात्रेला, कधीच मी तिचे हात असे पाहिले नव्हते.

आणि वास येत होता. जळका.

"ब्रेकचं तेल गळून राह्यलं," ती म्हणाली. "पाइप सुटला असन. आई, पाइप सुटला असन तर..."

मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. तो वास माझ्या ओळखीचा होता. कढई चुलीवर विसरली की घरभर भरतो तो. "हे गाडीचं तेल नाही," मी म्हटलं. "हे करडीचं तेल आहे. आपल्या डब्यातलं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू आईला भीतीनं काही झालं की काय. मग उतरली, उजव्या चाकापाशी वाकली. चाकाच्या आऱ्यांमधून ती चकचकीत नवी डिस्क दिसते, तिच्यावर लालसर रापलेले पट्टे फिरलेले. तिनं कडेला बोट लावलं, माझ्यासमोर धरलं. शेंदूर.

आक्कांनी आऱ्यांतून हात घालून जे नवं होतं त्यालाच बोट लावलं होतं. एक नाही, पाचही बोटं. भिंतीकडच्या चाकापर्यंत हात पोहोचला नव्हता म्हणून ते कोरडं. म्हणजे डावं चाक धरत होतं आणि उजवं सटकत होतं.

मिस्त्रीला फोन लावला. तो आधी हसला, मग आम्ही कुठं आहोत ते ऐकून हसायचा थांबला. "खाली उतरू नका. वळवा अन् वर या, चढाले ब्रेक कमी लागते. डिस्क धुऊन होईन, पण पॅड तेल पेले असतीन. थे फेकाच लागतीन."

वर येताना मी डावीकडं पाहिलं नाही.

आक्का फाटकातच उभ्या होत्या. "कसे हायेत ब्रेक?"

"चांगले आहेत आत्या. पॅड बदलाचे आहेत फक्त," लेक म्हणाली आणि आत जाऊन पाणी प्याली. ती त्यांना सांगणार नव्हती हे मला कळलं. मीही सांगितलं नसतं. पण नवे पॅड बसणार, नवं लोखंड येणार, आणि आक्का पुन्हा वाटी घेऊन बसणार. आणि या वेळी कदाचित गाडी भिंतीला लागलेली नसणार. म्हणजे दोन्ही चाकांना शेंदूर.

दुपारी भांडी घासताना मी सांगितलं. जेवढं कमी करून सांगता येईल तेवढं कमी करून.

आक्का राखेचा हात तसाच धरून बसल्या. "आमच्या इथं कडबाकुट्टीच्या पात्यालेच शेंदूर लावतो आम्ही. ज्या जागेनं काम कराचं त्या जागेलेच."

"तिथं घसरलं तर चालते आक्का. इथं घसरलं नाही पाहिजे."

"दरी कोण्या अंगाले होती?"

मी खोटं बोलणार होते, पण त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्या उठून आत गेल्या, रात्री जेवल्या नाहीत. पोट भरलं आहे म्हणाल्या. लेकीनं ताट खोलीत नेलं, तेही तसंच परत आलं. सकाळी चहाला बसल्या तेव्हा म्हणाल्या, "नवे बसले का मी जाईन तिच्यासंग. तू नाही. मी."

"आक्का, तुम्हाले एसटीतही उलट्या होतात."

"होऊ दे."

पॅड अकोल्याहून यायला आठवडा गेला. तेवढे दिवस लेक एसटीनं गेली, आणि मला, खोटं कशाला बोलू, ते दिवस सणासारखे वाटले. पण पॅड आले. मिस्त्रीनं डिस्क धुतल्या, पॅड घातले, लेकीनं पुन्हा सपाट रस्त्यावर घासून बसवले. पुढच्या रविवारी आक्का तयार होऊन बाहेर आल्या. ताट नाही, वाटी नाही. गाडीला त्यांनी लांबूनच हात जोडले आणि हात लगेच पदराखाली घेतले, जसं काही ते आपले आपण चाकाकडं जातील. मग पिशवीत प्लास्टिकच्या थैल्या कोंबून त्या पाटावर बसल्यासारख्या आत बसल्या.

दोनच सीटा. मी फाटकात राहिले.

आता पहिलं वळण आलं असेल. आता उतार. आता ती भिंत. मी तुळशीपाशी गेले, परत आले, भाताचं आधण ठेवलं, गॅस बंद केला. शेजारणीनं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, काय विचारलं ते आजही माहीत नाही. फोन हातात होता आणि तो वाजू नये असंही वाटत होतं, कारण वाजला आणि पलीकडं अनोळखी आवाज असला तर.

वाजला. लेकीचा नंबर, आवाज आक्कांचा.

"खाली आलो वं. राजूरले चहा पिऊन राह्यलो."

"थांबते का गाडी?"

"थांबते. तिनं मुद्दाम थांबवून दाखवली मले. मी म्हटलं पुरे माय, माह्या पोटातलं सारं थैलीत गेलं."

"तिले फोन द्या."

लेक आली. मागं चहाच्या गाड्यावरची भांडी वाजत होती. "आई, सरळ थांबते," ती म्हणाली. "एकदम सरळ."

तेव्हा कुठं मी ओट्यावर टेकले. बरं म्हटलं. सावकाश या म्हटलं. आणि मग विचारलं, उद्या कॉलेजला किती वाजता निघशील.