मायले घाट लागते

माझ्या मायले घाट लागते. पहिल्या वळणाले गप्प होते, दुसऱ्याले पदर तोंडावर घेते, आणि तिसऱ्याले कोणीतरी ओरडते, "ओ ड्रायव्हर भाऊ, थांबवा जरा!" आता तिचं माहेर नेमकं दरेकसाच्या घाटापल्याड. म्हणून माहेरचं नाव काढलं का तिचं तोंड घरातूनच उतरते. पोहोचली का दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. बरं वाटाले लागलं का परत निघाची चिंता सुरू.

मी गोंदियाच्या एका शेठची मोटरहोम चालवतो. बसएवढी गाडी आहे. आत पलंग, फ्रिज, गॅस, संडास-बाथरूम, सगळं. कुडव्याच्या गल्लीतून काढली का लोक विचारतात, "भाऊ, घर घेऊन कुठं चालला बे?" मी शेठच्या आवाजात सांगतो, "बेटा, घर पीछे आता है, मैं आगे जाता हूँ." हसतात. मले आवाज काढाची सवयच आहे. शेठचा काढतो, शाळेतल्या हेडसरचा काढतो, मोबाइलमधल्या नकाशावाल्या बाईचा तर असा काढतो का गावातल्या म्हाताऱ्या खरंच उजवीकडे वळतात. ही गाडी हातात आल्यावर तिचाही आवाज बसवला.

दिवाळीनंतरची गोष्ट. डोंगरगडहून एक पार्टी चढणार होती, अन् गाडी आदल्या दिवशी तिकडं रिकामी न्यायची होती. रस्ता दरेकसावरूनच. शेठले विचारलं, मायले माहेरी सोडत जाऊ का?

"ले जा बेटा. पर परदे को हाथ नहीं पोंछना. और इको में चला, डीझल पानी नहीं है."

माय काही तयार नव्हती. "तुझ्या त्या महालात उलटी झाली तं शेठ तुले कामावरून काढन."

"नाई होऊ देत माय."

"तू का डॉक्टर आहेस?"

"ड्रायव्हर आहो. घाटात डॉक्टरपेक्षा जवळचा."

बोलून तर बसलो. आता मायले उलटी न होऊ देता माहेरच्या अंगणात उतरवाचं होतं. पार्टी-बिर्टी नंतर.

मागं मोठा पलंग असूनही तिले माझ्या बाजूले बसवली. "समोर पाहात राहा," म्हटलं. आमच्या गाडीले क्लच नाई. गियरची दांडी 'डी'वर ठेवली का गाडी आपल्या मनानं गियर बदलते. बाजूले सरकवून 'एम'वर नेली का गियर आपण सांगायचा. वरून दोन बटणं, इको आणि पॉवर. सालेकसापर्यंत डी आणि इको, गाडी पाण्यासारखी चालली. माय तिच्या मैत्रिणीच्या सुनेची गोष्ट सांगून राहिली होती.

घाट लागला, अन् गाडीचं डोकं फिरलं. इकोमध्ये ती डीझल वाचवाले चौथा गियर टाके. चढावर दम लागला का तिसरा. थोडीशी सपाटी दिसली का परत चौथा. घूंऽऽ... टक. हूंऽऽ... टक. हर टकले आपली मान पुढं जाऊन मागं येते, कोंबडीसारखी. सुनेची गोष्ट अर्ध्यात थांबली. पदर वर गेला.

मी पॉवर दाबला. आता गाडी खालचा गियर धरून ठेवे, पण पायाचा अंगठा जरासा हलला का अशी उसळी मारे का मागच्या किचनमधले डबे बोलाले लागले.

"मले का बिथरलेल्या म्हशीवर बसवला तू?" माय पदरातून म्हणाली.

रुंद जागा पाहून गाडी बाजूले घेतली. काच खाली केली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बाबू, परत फिरव."

"इतक्या जवर येऊन?"

"असं तोंड घेऊन कितीक वेळा जाऊ माहेरी? भाऊ का म्हणन?"

मले त्याचंच वाईट वाटलं. तिले पोटाचा त्रास कमी, लाजच जास्त होती. म्हटलं, "माय, एक वळण दे मले. फक्त एक."

दांडी एमवर सरकवली. तिसऱ्यात चढलो. वळण यायच्या आधी, सरळ रस्त्यावरच, दुसरा घेतला. मग वळण पूर्ण संपेपर्यंत गियरले हात नाई. गाडी एका सुरात चढाले लागली. तो सूर मी तोंडानं धरला, "ऊंऽऽ". गाडीचा सूर माझ्या सुराच्या खाली उतराले लागला असं वाटलं का तो पडायच्या आधीच गियर उतरवायचा. मीटरकडे पाहायची गरजच नाई. एक वळण झालं. दोन झाले. मान हलली नाई.

"हे का करून राहिला बे?"

"गाडीसंग गाऊन राहिलो."

"गाडी बरी गाते तुझ्यापेक्षा."

पदर खाली आला होता! मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, नजर लागायची.

मग उतार. इथं आमच्याकडचे लोक न्यूट्रल करून गाडी सोडून देतात आणि वळणावर ब्रेकवर उभे राहतात. मी दुसरा गियर टाकला. इंजिन मोठ्यानं घोंगावलं, पण गाडी अशी सावकाश उतरली जशी मागून कोणी दोर धरला आहे. ब्रेकले नुसता पाय लावायचा.

"गाडी रडून राहिली काऊन?"

"रडत नाई वो, आपल्याले धरून राहिली."

मागून एक जीपवाला हॉर्न वाजवत वैतागला. बाजूनं जाताना ओरडला, "ए डब्बा! गाडी येते का बे तुले?"

मी तोंड उघडायच्या आत माय खिडकीतून अर्धी बाहेर. "येते त्याले! तुलेच थांबता नाई येत!"

ज्या बाईले घाटात तोंडातून शब्द काढता येत नव्हता, ती भांडून राहिली होती. माझी छाती स्टेअरिंगले लागली.

गावात शिरलो. मामी बादली घेऊन अंगणात तयारच होती. "बाई, बसा इथंच, हळूच बसा."

माय पायऱ्यांवरून उतरली, कोणाचा हात न धरता. निऱ्या सारख्या केल्या.

"बादली कायले वो? ताट वाढ. भूक लागली."

मामी माझ्याकडे पाहाले लागली. मी नकाशावाल्या बाईच्या आवाजात म्हणालो, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं." मामी हसली, पण बादली काही सोडेना.

मामानं गावच्या बोडीतली मासोळी आणली होती. माय चुलीजवळच बसली आणि रस्सा-भात कालवला. मामा उभाच. तिचं लग्न झाल्यापासून ही बहीण आल्या दिवशी जेवताना त्यानं पाहिली नव्हती.

"घाट कसा आला तं?" त्यानं विचारलं.

मायनं काटा काढून ताटाच्या कडेले ठेवला. "पोरानं आणला," ती म्हणाली, आणि भात मागितला.

मामाची पोरं गाडी पाहाले बाहेर धावली. "दादा, चाल ना, आतून दाखव!" मी म्हटलं, थांबा रे. मले अजून थोडा वेळ तिथंच, मायले जेवताना पाहात, बसाचं होतं.